एका घन सेंटिमीटरात वीस गुंठे

अभ्रकाचा एक छोटा ठोकळा डोळ्यांसमोर आणा. एक सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. आता त्याचे पापुद्रे काढायला घ्या. नखाने जो सुटतो तो पापुद्रा फार जाड असतो, त्याच्या पोटात आणखी हजारो दडलेले असतात. सोलत सोलत, जिथून पुढे सोलणे शक्यच नाही तिथवर पोचलात, तर हाती राहणाऱ्या शेवटच्या पापुद्र्याची जाडी भरते एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा. सेंटिमीटरभर उंचीत असे एक कोटी पापुद्रे बसतात. प्रत्येकाला दोन बाजू आणि प्रत्येक बाजू एक चौरस सेंटिमीटरची. दोन्ही बाजू धरून सगळ्यांची बेरीज होते दोन कोटी चौरस सेंटिमीटर, म्हणजे २,००० चौरस मीटर. आपल्याकडच्या मापात वीस गुंठे. अर्धा एकर जमीन, बोटाच्या पेरापेक्षा लहान ठोकळ्यात.

हा हिशेब नुसता कागदावरचा वाटेल, पण तो प्रत्यक्षाशी जुळतो. ज्या चिकणमातीच्या खनिजांचे पापुद्रे पूर्ण मोकळे झालेले असतात, त्यांच्यावर प्रयोगशाळेत एका विशिष्ट द्रवाचा रेणूभर जाडीचा थर चढवतात आणि किती द्रव लागला त्यावरून पृष्ठभाग मोजतात. एका ग्रॅमला ७०० ते ८०० चौरस मीटर असे उत्तर येते. आपल्या ठोकळ्याचे २,००० चौरस मीटर त्याच्या वजनाने भागले तरी ग्रॅमला ७०० च्या थोडे वरच निघतात. म्हणजे जे काम नखाने होत नाही, ते जमीन खरोखर करते. खडकातले अभ्रक ती पापुद्रा पापुद्रा करून उघडते आणि त्यातून चिकणमाती घडवते. हे कसे आणि किती वेगाने होते आणि त्यावर आपले किती काय अवलंबून आहे, हे आकड्यांत पाहिले की मातीकडे बघण्याची नजर बदलते. निदान माझी बदलली.

आधी हे पापुद्रे एकमेकांना चिकटून का राहतात ते पाहू. अभ्रकाची अणुरचना लायनस पॉलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३० मध्ये मांडली. प्रत्येक पापुद्र्यात तीन थर असतात. वर आणि खाली सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी, मधे ॲल्युमिनियमचा किंवा लोह-मॅग्नेशियमचा थर. जाळीत दर चार सिलिकॉनमागे एकाच्या जागी ॲल्युमिनियम बसलेले असते आणि त्यामुळे पापुद्र्यावर ऋण विद्युतभार राहतो. ऋणभाराचे दोन पापुद्रे खरे तर एकमेकांना दूर ढकलतील. त्यांना बांधून ठेवते पोटॅशियम. जाळीत षटकोनी खळगे असतात आणि पाणी झटकून टाकलेला पोटॅशियमचा आयन त्या खळग्यात नेमका बसतो. अर्धा वरच्या पापुद्र्यात, अर्धा खालच्या. सोडियम त्या खळग्यासाठी लहान पडते आणि कॅल्शियम आपले पाणी सहज सोडत नाही. पोटॅशियम मात्र इथे दोन पापुद्रे जोडणाऱ्या खिळ्यासारखे नेमके बसते.

आपल्या त्या एका ठोकळ्यात असे आयन किती असतात? चार कोटी कोटी कोटी. चारवर एकवीस शून्ये. सेकंदाला एक या गतीने मोजत बसलो तर विश्वाचे आजवरचे वय, म्हणजे १,३८० कोटी वर्षे, जवळपास दहा हजार वेळा संपेल. या ठोकळ्याच्या वजनाचा सुमारे दहावा भाग निव्वळ पोटॅशियम आहे. शेतकरी ज्याला पालाश म्हणतो तेच हे. नत्र, स्फुरद, पालाश या त्रयीतला तिसरा.

मातीची सगळी गोष्ट या खिळ्यांच्या निसटण्याची आहे. एक खिळा निघाला की त्याच्या जागी पाण्याने वेढलेले मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम येते. ते जाड असल्यामुळे पापुद्रे दूर होतात आणि एक नॅनोमीटरची जाडी १.४ नॅनोमीटर होते. अभ्रकाचे व्हर्मिक्युलाइट होते. गच्चीवर बाग करणाऱ्यांना व्हर्मिक्युलाइट चांगले माहीत आहे, नर्सरीत पिशवीतून मिळणारे ते सोनेरी, हलके, लांबट दाणे. तो दाणा हातात घेऊन कडेने पाहा. एकावर एक शेकडो पापुद्रे स्पष्ट दिसतात. खाणीतून काढलेले हे खनिज भट्टीत एकदम तापवले की पापुद्र्यांमधल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा आठ-दहा पटींहून अधिक फुगतो. त्या फुगीर दाण्याची सुरुवात बहुतेक वेळा काळ्या अभ्रकापासूनच झालेली असते.

१.० आणि १.४. फरक ०.४ नॅनोमीटरचा. एवढ्याशा फटीने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. पण बंद अभ्रकाच्या आतल्या पृष्ठभागाला पाण्याचा स्पर्शही होत नाही. तो उघडला की वीस गुंठे एकाएकी मातीच्या व्यवहारात येतात. पाणी तिथे थांबते, अन्नद्रव्ये तिथे चिकटतात आणि मुळे तिथून उचलतात. व्हर्मिक्युलाइटची अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद माती-खनिजांमध्ये सर्वात वरच्या रांगेतली आहे.

खिळा काढणे मात्र सोपे नाही. भोवतालच्या पाण्यात पालाश थोडासा जरी असला तरी आतला पालाश बाहेर यायचे नाव घेत नाही. काळ्या अभ्रकाच्या बाबतीत ही मर्यादा पाण्याच्या दहा लाख भागांत काही भाग इतकी असते, तर पांढऱ्या अभ्रकाच्या बाबतीत ती एका भागाच्याही बरीच खाली जाते. याचे कारण रचनेत आहे. काळ्या अभ्रकात, म्हणजे बायोटाइटमध्ये, मधल्या थरातला हायड्रोजन सरळ पोटॅशियमकडे तोंड करून असतो आणि त्याला बाहेर ढकलतो. पांढऱ्यात, म्हणजे मस्कोव्हाइटमध्ये, तो तिरका झुकलेला असतो, त्यामुळे पकड घट्ट राहते. हायड्रोजनच्या एका अणूची दिशा बदलली, एवढ्यावरून एक अभ्रक मातीत लवकर विरघळते आणि दुसरे युगानुयुगे चमकत राहते. नदीच्या वाळूत चकाकणारे कण बहुतेक पांढऱ्या अभ्रकाचेच का असतात, याचे उत्तर इथे आहे.

पाण्यातला पालाश सतत उचलून नेणारे कोणी हवे आणि ते काम मुळे करतात. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बायोटाइटच्या भुकटीत गहू वाढवला. गव्हाने पालाश ओढून घेतला आणि भुकटीचे व्हर्मिक्युलाइट झाले. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी रायगवताच्या मुळांशी अभ्रक ठेवून पाहिले, तेव्हा हा बदल काही दिवसांतच क्ष-किरणांच्या चाचणीत दिसू लागला. खडकाला लाखो वर्षे लागतात असे ज्या कामाबद्दल आपण शिकतो, ते मुळाच्या टोकाशी, मिलिमीटरभर अंतरात, आठवड्याच्या आत सुरू होते. मुळांच्या जोडीला बुरशी असते. केसाहून कितीतरी बारीक तंतू अभ्रकाच्या पापुद्र्यावर पसरतात आणि त्यातून पालाश शोषून झाडाला पुरवतात. एका ग्रॅम मातीत या तंतूंची लांबी कित्येक मीटर भरू शकते.

आता खोल जाऊ. मुळे जिथे संपतात तिथे ही प्रक्रिया संपत नाही. कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलात मूलेहोळे नावाचे एक छोटे पाणलोट क्षेत्र आहे, क्षेत्रफळ जेमतेम चार चौरस किलोमीटर. २००३ पासून भारतीय आणि फ्रेंच शास्त्रज्ञ तिथे अभ्यास करत आहेत. खाली नाइस खडक आहे, ज्यात अभ्रकाचे पट्टे असतात. त्या खडकावर माती सरासरी दोन मीटर आणि तिच्याखाली सुमारे पंधरा मीटर कुजलेला खडक. आपण मुरूम म्हणतो तसा, पण मूळ खडकाचे पट्टे जसेच्या तसे राखून ठेवलेला. असा तुकडा हातात घेतला की तो दगड वाटतो, अभ्रकाच्या रेघासुद्धा जागच्या जागी असतात. मूठ आवळली की त्याचा भुगा होतो. आकार खडकाचा आणि आत माती. चार चौरस किलोमीटरवर सतरा मीटर जाडीचा थर म्हणजे सात कोटी घनमीटर, आणि हे फक्त एका लहानशा ओढ्याच्या खोऱ्यातले.

खडक असा आतून मऊ कसा होतो, हे पोर्टो रिको बेटावरच्या रिओ इकाकोस नदीच्या खोऱ्यात फार बारकाईने पाहिले गेले. तिथे वर्षाला चार मीटरहून जास्त पाऊस पडतो. खाली क्वार्ट्झ-डायोराइट हा ग्रॅनाइटसारखा खडक आहे आणि त्यात काळे अभ्रक. मातीतून मुरणारे पाणी प्राणवायू घेऊन खडकाच्या पृष्ठभागाशी पोचते तेव्हा अभ्रकातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते. पापुद्रे १.०० नॅनोमीटरवरून १.०५ नॅनोमीटरपर्यंत फुगतात. पाच टक्के. पण असे कोट्यवधी पापुद्रे एकावर एक रचलेले असल्याने ताण साचत जातो आणि शेवटी खडक तडकतो. गोल शिळेभोवती दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या वक्र चिपा एकामागून एक सुटत जातात. बाहेरची चीप बोटाने मोडते, आतली हातोडीला दाद देत नाही. मधल्या हातभर अंतरात खडकाची माती होण्याच्या सगळ्या अवस्था रांगेने उभ्या असतात. एका नॅनोमीटरच्या विसाव्या हिश्शाने फुगणारा पापुद्रा डोंगर फोडतो, ही गोष्ट मला या विषयातली सर्वात थक्क करणारी वाटते.

तिथे खडकाची माती होण्याची ही आघाडी खाली सरकते दहा लाख वर्षांत सुमारे पन्नास मीटर. वर्षाला मिलिमीटरचा विसावा भाग. मंद वाटते ना? पण पापुद्र्यांत मोजा. वर्षाला पन्नास हजार पापुद्र्यांची जाडी, दिवसाला सुमारे १३७, तासाला पाच-सहा. हा लेख वाचून होईपर्यंत एखादा पापुद्रा तिथे उघडला असेल. ग्रॅनाइटसारख्या खडकांसाठी हा वेग फार चढा समजला जातो, थंड आणि कोरड्या प्रदेशांत तो याच्या दहाव्या हिश्शावरही येतो.

वरच्या थरात, शेतात, या उघडलेल्या पापुद्र्यांची बेरीज केली तर आकडे हाताबाहेर जातात. एक एकर जमीन, नांगर जातो तेवढीच, म्हणजे पंधरा सेंटिमीटर खोल, सुमारे ९०० टन भरते. त्यात दहा टक्के इलाइट धरू. इलाइट म्हणजे थोडा पालाश गमावलेले, कण बारीक झालेले अभ्रक. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यावरून त्याचे नाव ठेवले गेले आणि जगभरच्या शेल खडकांत सर्वात जास्त आढळणारे चिकणमाती-खनिज तेच. त्याच्या ग्रॅमला ८० चौरस मीटर पृष्ठभाग धरला तर त्या एका एकरात ७,२०० चौरस किलोमीटर निघतात. जवळजवळ दोन गोवे. आणि इलाइटऐवजी पाच टक्के पूर्ण उघडलेले व्हर्मिक्युलाइट असेल, तर ३१,००० चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे महाराष्ट्राचा दहावा भाग. एका एकरात, तोही फक्त नांगरटीच्या थरात. अन्नद्रव्याचा एकेक आयन धरण्याच्या त्यातल्या जागा मोजल्या तर चार कोटी कोटी कोटी कोटी. ठोकळ्यातल्या आकड्यापुढे आणखी सात शून्ये.

भारतात या हिशेबाचे सर्वात मोठे मैदान गंगेचे आहे. हिमालयातल्या नाइस आणि शिस्ट खडकांत अभ्रक भरपूर. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ समुद्राकडे नेतात आणि वाटेत मैदानात जो पसरला, त्याच्या कणाकणात अभ्रक आहे. गंगेकाठची वाळू उन्हात चमकते ती त्यानेच. या गाळाच्या जमिनीत दोन टक्के पालाश धरला तर हेक्टरी नांगरटीच्या थरात ४५ टन भरतो. माती परीक्षणात मात्र 'उपलब्ध पालाश' हेक्टरी २८० किलोच्या वर गेला की जमीन भरपूर पालाशाची ठरते. ४५,००० किलोपैकी २८०. शेकडा अर्ध्याहून किंचित जास्त. उरलेला नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक पालाश खनिजांत बसलेला आहे, त्यातला मोठा वाटा अभ्रकाच्या पापुद्र्यांत.

भात आणि गहू अशी दोन पिके घेणारी जमीन वर्षाला हेक्टरी २०० किलोहून जास्त पालाश देते. खत म्हणून तिथे शेतकरी त्यापेक्षा कितीतरी कमी घालतो, पुष्कळ ठिकाणी काहीच नाही. १९७०-७१ पासून देशात दीर्घकालीन खत-प्रयोग चालू आहेत आणि अभ्रकाने समृद्ध जमिनींत पालाश न घालताही पिके वर्षानुवर्षे तगून राहिल्याचे त्यांत दिसले. हे दान आकाशातून येत नाही. दरवर्षी कोट्यवधी पापुद्रे कडेने उघडतात आणि पिकाला पालाश देतात. आपण ज्याला फुकट समजतो तो हिमालयाच्या खडकाचा साठा आहे. देशाला लागणारे म्युरेट ऑफ पोटॅश, हे पालाशाचे मुख्य खत, कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्राएल, जॉर्डन अशा देशांतून आणावे लागते, त्याची खाण आपल्याकडे नाही. ती आयात आज आहे त्याहून कितीतरी मोठी झाली असती, गाळातले अभ्रक नसते तर.

दख्खनच्या काळ्या जमिनीचे गणित वेगळे. बेसॉल्टमध्ये अभ्रक जवळजवळ नसतेच. तिथली चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइटची, तिचा पृष्ठभाग व्हर्मिक्युलाइटइतकाच प्रचंड, पण पालाश कोंडून ठेवणारे पापुद्रे त्या प्रमाणात नाहीत. म्हणून जळगावच्या केळीच्या बागेचा पालाशाचा हिशेब पाटण्याच्या भातखाचरावरून काढता येत नाही.

पापुद्रे उघडतात तसे मिटतातही. उघडलेल्या व्हर्मिक्युलाइटवर पालाशाचे खत पडले की आयन पुन्हा खळग्यात जाऊन बसतात, १.४ नॅनोमीटरची जाडी पुन्हा १.० होते आणि घातलेले खत आत कोंडले जाते. ते वाया जात नाही, पण त्या हंगामाच्या पिकाला मिळेलच असेही नाही. उघडझाप सर्वात जास्त होते ती कडांवर. भिजून वाळलेल्या वहीच्या पानांच्या कडा फुगलेल्या आणि मधला भाग मात्र घट्ट, तशी अर्धवट झिजलेल्या अभ्रकाची अवस्था असते. त्या फुगलेल्या कडांमध्ये पाचरीच्या आकाराची जागा तयार होते. बाहेर १.४, आत १.०. कॅल्शियमसारखे पाण्याने वेढलेले आयन तिथे शिरू शकत नाहीत. पाणी सहज झटकणारे मात्र आत जातात. अशा आयनांत सीझियम अग्रभागी आहे.

११ मार्च २०११ नंतर ही पाचरीएवढी जागा एका देशाच्या भवितव्याशी जोडली गेली. फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांतून किरणोत्सारी सीझियम-१३७ वाऱ्यावर पसरले आणि ईशान्य जपानमधल्या आबुकुमा डोंगररांगांवर पावसाबरोबर पडले. त्या डोंगरांचा खडक ग्रॅनाइट, खोलवर कुजलेला, आणि त्यात झिजलेले काळे अभ्रक ठासून भरलेले. नंतरच्या वर्षांत संशोधकांनी मातीचे कण एकेक करून तपासले, तेव्हा किरणोत्सार ज्या कणांत सर्वाधिक सापडला त्यांत झिजलेले बायोटाइट अग्रस्थानी होते. सीझियम त्याच्या कडांमधून आत शिरले होते आणि पापुद्रे त्याच्यावर मिटले होते.

जपानच्या सगळ्या जमिनीवर पडलेले सीझियम-१३७ एकत्र गोळा करता आले असते, तर त्याचे वजन किती भरले असते? एका किलोच्या आसपास. एक किलो! पण त्याच्या एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला तीन लाख कोटींहून जास्त अणू फुटतात आणि ते निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात. सीझियम अभ्रकात अडकले म्हणून ते खाली भूजलात झिरपले नाही. बराच काळ ते वरच्या पाच सेंटिमीटरांतच राहिले. हे एका अर्थाने रक्षण होते. पण त्याच पकडीमुळे ते धुऊन काढता येईना, म्हणून वरची मातीच खरवडून उचलावी लागली. आजवर फुकुशिमा प्रांतात सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती आणि कचरा ओकुमा आणि फुताबा या गावांतल्या साठवणतळावर आणला गेला. दहा मीटर उंचीचा ढीग घातला तर तो साडेतीनशे एकरांवर पसरेल. जपानच्या कायद्याप्रमाणे ही माती मार्च २०४५ पर्यंत प्रांताबाहेर अंतिम विल्हेवाटीसाठी न्यायची आहे. किलोभर पदार्थासाठी एवढा डोंगर, कारण तो किलो अणू-अणूंनी विखरून अभ्रकाच्या कडांत जाऊन बसला आहे.

शेतीने मात्र याच रसायनशास्त्राच्या आधाराने मार्ग काढला. जिथे मातीत पालाश कमी तिथे भाताची रोपे सीझियम जास्त उचलतात, हे लक्षात आल्यावर भातखाचरांत पालाशाचे खत जादा घातले गेले. मुळाला पालाश भरपूर मिळाला की सीझियमकडे त्याचे लक्ष कमी जाते. २०१२ पासून फुकुशिमात पिकलेल्या तांदळाचे प्रत्येक पोते तपासले जाऊ लागले, वर्षाला एक कोटीच्या आसपास पोती, प्रत्येकी तीस किलोची. २०१२ च्या पिकात मर्यादेबाहेर निघाली ७१ पोती. २०१३ मध्ये २८. २०१४ मध्ये दोन. २०१५ पासून एकही नाही. एक कोटीत शून्य. या आकड्यांमागे शेतकऱ्यांचे कष्ट, तपासणी करणाऱ्यांची चिकाटी आणि अभ्रकाच्या पापुद्र्यांची पकड, तिन्ही आहेत.

झीज आणखी पुढे गेली की काय होते, ते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिसते. सिंधुदुर्गापासून खाली केरळपर्यंत पाऊस एवढा पडतो की पापुद्र्यांमधले सगळेच धुऊन जाते. आम्ल जमिनीत मोकळे झालेले ॲल्युमिनियम आधी पापुद्र्यांत शिरून त्यांना अर्धवट बांधते आणि मग सगळी रचनाच मोडून नवी घडते, ती केओलिनाइटची. ०.७ नॅनोमीटर जाडीचे, जवळजवळ भाररहित पापुद्रे, एकमेकांना घट्ट चिकटलेले. हीच चिनी माती. केरळात कुंडरा आणि थोन्नक्कल इथे तिचे मोठे साठे आहेत. सिरॅमिक आणि कागद कारखान्यांना तिचा शुभ्रपणा हवा असतो, पण पिकाच्या दृष्टीने ती दरिद्री आहे. ग्रॅमला दहा-वीस चौरस मीटर पृष्ठभाग आणि पालाश नावालाही नाही. आपल्या त्या घन सेंटिमीटरच्या मापाने वीस गुंठ्यांवरून अर्ध्या गुंठ्यावर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे मृदाशास्त्रज्ञ जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये ढोबळमानाने हा क्रम मांडला: अभ्रक, इलाइट, व्हर्मिक्युलाइट, स्मेक्टाइट, केओलिनाइट आणि शेवटी निव्वळ ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. सुपीकता या साखळीच्या मधल्या कड्यांत आहे. कोवळ्या खडकात ती अजून बंद असते, अतिवृद्ध मातीत ती संपलेली असते.

म्हणून शेतकऱ्याच्या हातातल्या कागदाबद्दल एक मागणी इथे करायची आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजल्या जातात. त्यातला पालाश म्हणजे वरच्या थरातला, सहज सुटणारा, एकूण साठ्याच्या शेकडा एकाहून कमी असलेला भाग. पापुद्र्यांत राखीव असलेल्या पालाशाबद्दल ती पत्रिका काहीच सांगत नाही. तो साठा मोजण्याची उकळत्या नायट्रिक आम्लाची पद्धत अनेक दशकांपासून माहीत आहे आणि पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते. दर हंगामात तिची गरज नाही, कारण हा साठा सावकाश घटतो. पण दहा वर्षांतून एकदा, वरच्या थरातला आणि मीटरभर खोलीचा असे दोन नमुने घेऊन राखीव पालाश मोजला, तर कुठली जमीन अजून वीस वर्षे देऊ शकेल आणि कुठली आताच रिकामी होत आली आहे, हे कळेल. केळी, ऊस, द्राक्ष, बटाटा अशी पालाश ओढणारी पिके घेणाऱ्यांनी तर पुढच्या वेळी प्रयोगशाळेत नमुना देताना ही चाचणी आवर्जून मागावी.